गाडी गरम झाली की ओढ संपते: पंप, फिल्टर की आणखी काही?

अर्धी_टाकी

मंडळी, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी आहे. थंडीत, उन्हात, कधीही सेल्फ मारला की लगेच सुरू होते. आयडलिंग घड्याळासारखं. गावात फिरवा, काही म्हणजे काही तक्रार नाही. पण मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं जोरात पळवली की सहा-साडेसहा हजार आरपीएमच्या वर ओढ जाते. मूठ पिळली तर पुढे जायच्या ऐवजी गाडी अडखळते, मूठ थोडी सोडली की सावरते. चढावर जास्त जाणवतं. बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबलो की परत नव्यासारखी पळते, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. स्कॅनरवर कोड नाही. एअर फिल्टर आणि प्लग नवीन आहेत. मेकॅनिक म्हणतोय, पंप गेला, पूर्ण असेंब्ली बदलू. मला मोजमाप केल्याशिवाय काही बदलायचं नाही. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

गिअर_चौथा

पंपच. माझ्या मित्राच्या गाडीला डिट्टो हाच त्रास होता, पंप बदलला, संपला विषय. कशाला डोकं लावताय.

निळी_ठिणगी

पंप असेलही, पण आधी एक फुकटचं काम करा. गाडी अडखळायला लागली की थांबा आणि टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला आणि झाकण उघडल्याबरोबर गाडी सुधारली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. झाकणातलं बारीक छिद्र किंवा टाकीतून कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याकडे) जाणारी व्हेंटची, म्हणजे हवा ये-जा करायची नळी तुंबली की पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला खेचणं जड जातं. टाकी काढून परत बसवताना ती नळी दुमडली जाणं हे तर नेहमीचंच.

दुसरं, अडखळताना टॅकोमीटरच्या काट्याकडे बघा. क्रँक पोझिशन सेन्सर (इंजिन किती फिरलं ते सांगणारा) गरम होऊन दगा देत असेल तर इंजिन फिरत असतानाही काटा एकदम खाली कोसळतो, आणि गाडी स्विच बंद केल्यासारखी तुटते. पेट्रोल कमी पडत असेल तर काटा इंजिनाबरोबरच राहतो आणि गाडी हळूहळू दम सोडते. दोन्ही आजार गरम झाल्यावर दिसतात, दोन्ही थांबल्यावर बरे होतात, म्हणून लोक फसतात.

जुना_कार्बवाला

कार्ब्युरेटरच्या काळात फ्लोट बोल उघडला की कळायचं पेट्रोल येतंय का नाही. आता सगळं बंद डब्यात. इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओतून बघा, बऱ्याचदा काम होतं.

मल्टीमीटर

कार्बकाका, क्लीनर वाईट नसतो, पण या लक्षणाला तो लागू पडत नाही. इंजेक्टरच्या तोंडावर थर बसला असेल तर तो सकाळी पण असतो आणि संध्याकाळी पण. त्याचा त्रास आयडलला, थंड इंजिनला आणि हलक्या मुठीला आधी दिसतो. पंधरा मिनिटं उभं राहून इंजेक्टर स्वच्छ होत नाही. इथे जे काही आहे ते तापल्यावर बिघडतंय आणि निवल्यावर सुधारतंय. ती यादी छोटी आहे: पंपाची मोटर, पंपाचं वायरिंग आणि रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), टाकीचा व्हेंट, पंपाच्या तोंडाच्या जाळीपाशी होणारी वाफ, आणि इग्निशनकडचे क्रँक सेन्सर व कॉइल.

अर्धी_टाकी, "कोड नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे आधी पक्कं करून घ्या. बहुतेक मोटरसायकलींमध्ये पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो, आणि त्या हिशेबात इंजेक्टरकडे येणाऱ्या नळीत ठरलेला दाब आहे असं धरून चालतो. पुष्कळ गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो, काहींत २.५, काहींत ३.५. आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. दाब खरोखर आहे की नाही हे त्याला कोणी सांगत नाही. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे ३ बारचा दाब २ बारवर आला तर पेट्रोल साधारण १८ टक्क्यांनी घटतं. आयडलला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू हे भरून काढतो. पूर्ण मुठीला बहुतेक गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाहीत, ईसीयूतल्या तयार तक्त्यात (मॅप) लिहिलेलं तेवढं देतात. तिथे ही १८ टक्क्यांची तूट सरळ तुमच्या मुठीत येते.

रानवारा

वाचतेय. प्रश्न: एअर लीक असेल तर? थ्रॉटल बॉडी आणि हेडमधलं रबर तडकलं तरी मिश्रण पातळच (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं ना?

मल्टीमीटर

होतं, पण उलट ठिकाणी. मूठ बंद असताना इनटेकमध्ये पोकळी सर्वात जास्त, त्यामुळे चोरटी हवा आयडललाच सर्वात जास्त शिरते. पूर्ण मूठ उघडली की आतबाहेरचा फरक जवळजवळ संपतो आणि त्या फटीला काही किंमत उरत नाही. म्हणून आयडल डळमळीत आणि वर ठीक असेल तर हवा शोधा. आयडल ठीक आणि वर उपाशी असेल तर पुरवठा शोधा. धागाकर्त्याचं दुसरं आहे.

अर्धी_टाकी

झाकण उघडून बघितलं. सुस्कारा नाही, फरकही नाही. व्हेंटच्या नळीतून फुंकर आरपार जाते. टॅकोचा काटा इंजिनाबरोबरच राहतो, कोसळत नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज दोन-तीन सेकंद येतो आणि थांबतो, म्हणजे प्राइमिंग (सुरू करण्याआधी नळीत दाब भरणं) होतंय. मित्राकडून प्रेशर गेज आणि टी-जोड मिळतोय. जोडू का?

सावकाश_जा

जोडा, पण थांबा जरा. हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.

इंजेक्शनच्या नळीत इंजिन बंद असतानाही दाब साठलेला असतो. कनेक्टरचं बटण दाबून नळी ओढलीत तर पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पंपाचा कनेक्टर काढून गाडी सुरू करा, नळीतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. मग बॅटरीची ऋण तार काढा, जोडाभोवती फडकं गुंडाळा आणि सावकाश सोडवा. काम उघड्यावर करा. पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साठून राहते. जवळ विस्तव, सिगारेट, उघड्या तारेचा दिवा काही नको. अग्निशामक हाताशी ठेवा, पावडरचा. डोळ्यांना चष्मा.

आणि जोड बसवल्यावर आधी फक्त किल्ली चालू करून गळती तपासा, मगच सेल्फ.

गिअर_चौथा

एवढं सगळं करण्यापेक्षा गेज टाकीवर चिकटपट्टीनं लावा आणि एक चक्कर मारून या. चालत्या गाडीचा आकडा मिळेल.

सावकाश_जा

हे कोणीही करू नका. ३ बारच्या दाबाखालची जोडाजोडीची नळी, खाली तापलेलं इंजिन, वर चालवणारा. एक क्लॅम्प निसटला की संपलं.

अर्धी_टाकी

चक्कर मारलेली नाही, उभ्या गाडीवरच मोजलं. मॅन्युअलमध्ये २.९४ बार आहे, म्हणजे ३००च्या जवळ किलोपास्कल. किल्ली चालू केल्यावर २.९. आयडलला २.९. स्टँडवर रेस करून आठ हजारापर्यंत नेली तरी २.९, काटा हललाही नाही. इंजिन बंद केल्यावर दाब हळूच उतरतो, पाच मिनिटांनी २.४ होता.

गिअर_चौथा

मग पंप ठीक आहे. कॉइल बदला.

निळी_ठिणगी

आधी पंप, आता कॉइल. उद्या टायर सांगू नकोस म्हणजे मिळवली.

पण प्रश्न योग्य आहे. दाब बरोबर असेल तर पुरवठ्याला क्लीन चिट द्यायची का?

मल्टीमीटर

नाही. का ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण याच वळणावर रस्ता चुकतात.

पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सतत ढकलत असतो. वापरलं जाईल तेवढं इंजेक्टरमधून जातं, उरलेलं रेग्युलेटर टाकीत परत सोडतो. रेग्युलेटर बहुतेक वेळा पंपाच्याच मॉड्यूलमध्ये, टाकीच्या आत असतो. आता हिशेब बघा. साधारण १८ किलोवॅटचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला ६ ते ७ लिटर पेट्रोल खातं. आयडलला अर्धा लिटरही नाही. स्टँडवर मोकळी रेस केली तर आरपीएम आठ हजार दिसतात, पण मूठ जेमतेम उघडलेली असते, इंजिनावर ओझंच नसतं, खप मामुली. म्हणजे पंपाची ताकद अर्ध्यावर आली तरी आयडलला आणि मोकळ्या रेसला गेज ३ बारच दाखवणार. फरक इतकाच की परत जाणारं पेट्रोल कमी झालं, आणि ते गेजला दिसत नाही.

परत जाणारा ओघ शून्यावर आला की त्यापुढच्या प्रत्येक थेंबाला दाब कोसळायला लागतो. तो क्षण फक्त ओझ्याखाली येतो. तुमचा चढ आणि साडेसहा हजार आरपीएम म्हणजे तोच क्षण असावा.

म्हणून दाबाबरोबर पुरवठ्याचं माप घ्या. मॅन्युअलमध्ये दहा सेकंदांत किती मिली यायला हवं ते दिलेलं असतं. मापाच्या भांड्यात, आधी थंड असताना आणि मग गाडी पळवून आणल्यावर. आणि दोन्ही वेळी पंपाच्या कनेक्टरवर मागून पिना सरकवून, पंप चालू असताना व्होल्टेज बघा. कनेक्टर काढून मोजू नका. तार तुटायला आली असेल तरी मोकळ्या कनेक्टरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो.

रानवारा

पंप दोन-तीन सेकंदच चालतो, मग दहा सेकंद कसा चालवायचा?

मल्टीमीटर

रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये पंपाला वीज देणाऱ्या दोन पिना फ्यूज असलेल्या तारेनं जोडायच्या. कुठल्या पिना ते वायरिंगच्या आकृतीवरून ठरवा, अंदाजानं नाही. काही गाड्यांत रिले वेगळा नसतो, तिथे किल्ली बंद-चालू करत प्राइमिंगचे सेकंद जोडत जायचे.

बारीक_आवाज

कोणी आवाजाचं बोललं नाही म्हणून लिहितो. पंपाचा नेहमीचा आवाज मंद गुणगुण असते. जाळी तुंबली असेल तर तोच आवाज चढतो, बारीक आणि किरकिरा होतो. खेचायला पेट्रोल पुरत नाही म्हणून तोंडापाशी दाब पडतो आणि पेट्रोलच्या वाफेचे बुडबुडे होतात. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांना उकळायला लागतात, आणि टाकीतलं पेट्रोल खालून इंजिनाच्या झळा खाऊन सहज तेवढं तापतं. पंप वाफ ढकलू शकत नाही. टाकीत कमी पेट्रोल असताना त्रास वाढतो का हे धागाकर्त्यानं सांगावं. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

उलट आवाज दबलेला, ओढल्यासारखा, सुस्त येत असेल तर मोटरला वीज कमी पोचतेय.

अर्धी_टाकी

हो, कमी पेट्रोल असताना लवकर सुरू होतो त्रास. आयडीवरून कळलंच असेल माझ्या सवयीबद्दल.

आता मापं. मॅन्युअल म्हणतं, दहा सेकंदांत किमान १००. थंड असताना १२०. पळवून, अडखळायला लागल्यावर लगेच आणून मोजलं तर ६५. आवाज बारीक_आवाज म्हणतात तसा दुसऱ्या प्रकारचा, सुस्त.

व्होल्टेज: थंड असताना, इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ आणि पंपाच्या कनेक्टरवर १२.९. गरम असताना बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ९.६.

निळी_ठिणगी

सापडलं! पंप बिचारा अर्धपोटी काम करतोय.

गिअर_चौथा

पंप खराब झाला की जास्त करंट खेचतो, म्हणून व्होल्टेज पडतंय. फिरून पंपच.

मल्टीमीटर

गिअरभाऊ, हा मुद्दा चांगला आहे आणि तो तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन गोष्टी करा. पंपाच्या तारेत अँपिअरमीटर लावून करंट मोजा. आणि गाडी गरम असताना, त्रास चालू असताना, पंपाला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड तारांनी थेट वीज द्या आणि पुन्हा भांड्यात माप घ्या. जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून आधी पंपाकडचं टोक जोडायचं आणि शेवटचा स्पर्श बॅटरीपाशी, पेट्रोलच्या भांड्यापासून लांब.

थेट विजेवर माप शंभराच्या वर गेलं तर पंप निर्दोष. तरीही ६५ राहिलं तर पंप किंवा जाळी.

दरम्यान पडलेले ४.२ व्होल्ट कुठे पडताहेत तेही शोधता येतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी पंपाच्या धन पिनेला, पंप चालू. जो आकडा येईल ती धन बाजूची व्होल्टेजची घट. तसंच ऋण टोकापासून पंपाच्या ऋण पिनेपर्यंत. निरोगी गाडीत प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. लोक धन बाजूचा फ्यूज, रिले, किल स्विच सगळं तपासतात आणि अर्थची, म्हणजे ऋण बाजूची तार तशीच सोडतात.

ईसीयूला हे का कळत नाही असं कोणी विचारेल. तो बॅटरीचं व्होल्टेज बघतो आणि त्याप्रमाणे इंजेक्टरची वेळ थोडी वाढवतो-घटवतो, पण ते व्होल्टेज तो स्वतःच्या पिनेवर मोजतो. तिथे १३.८ आहेत. पंपाच्या दाराशी ९.६ आहेत हे त्याच्या गावीही नाही.

जुना_कार्बवाला

हे आवडलं. आमच्या वेळी वायरिंग म्हणजे हेडलाईट आणि हॉर्न. पेट्रोल आणि वायरिंग एकाच वाक्यात यायचे ते फक्त आग लागली की.

अर्धी_टाकी

करंट ३ अँपिअरच्या आसपास, थंड असताना किंचित जास्त. गरम असताना थेट विजेवर दहा सेकंदांत ११५ आलं. पंप सुटला.

धन बाजूला ०.४ व्होल्ट. अर्थच्या बाजूला ३.८.

टाकी उचलून बघितलं. पंपाच्या कनेक्टरमध्ये अर्थच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय, पिन काळवंडलेली आणि सैल. शेजारच्या पिना चकचकीत. फोटो टाकला असता, पण चढत नाहीये.

एक कोडं मात्र सुटत नाही. हीच तार मी सुरुवातीला, थंड असताना, ओहमवर ठेवून मोजली होती. ०.३ दाखवत होती, म्हणजे ठणठणीत.

मल्टीमीटर

ओहमवर मीटर अगदी क्षीण करंट पाठवतो. तेवढ्याला एक धड टेकलेला बिंदूही पुरतो. शिवाय ०.३ मधले ०.२ तर मीटरच्या स्वतःच्या तारांचे असतात. पंपाचे ३ अँपिअर त्याच बिंदूतून जायला लागले की तो तापतो, तापला की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतो. ३.८ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ११ वॉटच्या वर उष्णता, एका छोट्या पिनेत. प्लास्टिक तपकिरी होणारच. आणि पंधरा मिनिटं थांबलात की पिन निवते, स्प्रिंग पुन्हा थोडी आवळते, गाडी "बरी" होते. तुमचं सगळं लक्षण त्यात बसलं.

कमी पेट्रोलचा संबंधही लागतो. टाकी रिकामी असली की पंप आणि आतलं पेट्रोल लवकर तापतं. आधीच ९ व्होल्टवर रांगणाऱ्या पंपाला तेवढं निमित्त पुरतं.

आता एक विनंती. नुसतं घासून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत लावू नका. तापून गेलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते, ती महिनाभरात पुन्हा सैल होते. दोन्ही बाजूंच्या पिना आणि कनेक्टरचा डबा नवीन, व्यवस्थित क्रिंप केलेला (पिन तारेवर पकडीनं दाबून बसवलेली). नुसतं सोल्डर करू नका, कंपनानं तार सोल्डरच्या कडेलाच मोडते. मॉड्यूलच्या बाजूची पिन मॉड्यूलच्या झाकणातच बसवलेली असेल आणि तीही जळलेली असेल, तर ते झाकण किंवा मॉड्यूल बदलावं लागेल. तिथे जुगाड नको, पलीकडे पेट्रोल आहे.

निळी_ठिणगी

आणि फक्त कनेक्टर बदला. जाळी, फिल्टर, रेग्युलेटर यांना आत्ता हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट, मग चाचणी. सगळं एकत्र बदललं की गाडी सुधारते, पण कशानं सुधारली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून.

अर्धी_टाकी

मॉड्यूलच्या बाजूची पिन सुदैवानं वाचली होती, फक्त काळी पडलेली, साफ केल्यावर घट्ट बसते. वायरिंगच्या बाजूचा कनेक्टर नवीन क्रिंप केला. पंपावर गरम असताना आता १३.३ व्होल्ट. त्याच रस्त्याला, त्याच चढावर, पूर्ण मूठ, लाल रेषेपर्यंत सरळ गेली. ओढ सलग.

नंतर वेगळ्या दिवशी मॉड्यूल बाहेर काढून जाळी बघितली. तळाला बारीक गंज आणि चिकट तपकिरी साय होती. बदलली. त्यानं गाडीत जाणवण्यासारखा फरक पडला नाही, माप १२० चं १२५ झालं इतकंच.

बारीक_आवाज

तळाचा गंज कुठून आला तेही बघा. टाकीत पाणी असेल तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ते आधी शोषून घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. पंपाची जाळी नेमकी तिथेच बुडालेली असते. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर हे जास्त होतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, थर असेल तर दिसतो.

अजून एक, मॉड्यूल उघडलंच होतं तर पंपापासून मॉड्यूलच्या झाकणापर्यंतची आतली छोटी नळी दाबून बघितलीत का? ती चिरली की पंपाचा आवाज छान, व्होल्टेज छान, करंट छान, आणि दाब मात्र टाकीतच गळून जातो. ती बदलताना पेट्रोलमध्ये बुडवून ठेवता येईल अशीच नळी लागते. बाहेरची साधी इंजेक्शनची नळी बाहेरच्या बाजूनं पेट्रोल सहन करू शकत नाही, आत टाकली तर फुगून फाटते.

अर्धी_टाकी

बघितली, मऊ आहे, चीर नाही. बाटलीचा प्रयोग करतो.

रानवारा

धागा चोरत नाहीये, पण माझा प्रश्न याच घरातला आहे. माझी गाडी चालताना उत्तम, ओढही छान. फक्त रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर एका स्पर्शात. हा पण पुरवठाच का?

मल्टीमीटर

बहुतेक. इंजिन बंद केल्यावर नळीतला दाब पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल एकाच दिशेनं सोडणारा) धरून ठेवतो. तो गळत असेल तर रात्रीत नळी रिकामी होते आणि सकाळी प्राइमिंगच्या दोन सेकंदांत ती भरत नाही. ताई, उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी किल्ली चालू करा, पंपाचा आवाज थांबू द्या, बंद करा. असं काही वेळा. मग सेल्फ. लगेच सुरू झाली तर दाबच उतरतोय हे नक्की.

तो कुठून उतरतोय हे प्लग सांगेल. इंजेक्टर ठिबकत असेल तर दाब सिलिंडरच्या दिशेनं जातो. रात्रभरानंतर काढलेला प्लग ओला किंवा पेट्रोलचा वास मारणारा निघतो, आणि सुरू होताना काळपट धूर येतो. प्लग कोरडा असेल तर दाब मागे टाकीत चाललाय: चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नाहीतर वर लिहिलेली आतली नळी.

इंजेक्टर ठिबकत असेल तर तशीच चालवू नका. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या.

रानवारा

केलं. किल्ली फिरवून दाब भरला आणि सेल्फला हात लावताच सुरू झाली. प्लग कोरडा, ऑइलला वास नाही. म्हणजे मॉड्यूल उघडायचं.

बारीक_आवाज

उघडायच्या आधी मॉड्यूलचं गॅस्केट नवीन आणून ठेवा. जुनं रबर पेट्रोलमध्ये फुगलेलं असतं, बाहेर काढलं की खाचेत परत बसत नाही. टाकी जमेल तेवढी रिकामी करा. नट आवळताना एका बाजूनं गोल फिरत जाऊ नका, समोरासमोरचे आळीपाळीनं, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. फ्लोटची दांडी बाहेर काढताना वाकली तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलायला लागेल.

सावकाश_जा

आणि बॅटरीची ऋण तार.